गोवर्धनचं पथ्य आणि बकारामची कोंबडी

त्रेपन्न सालच्या रोवणीत मोहटोल्याचा गोवर्धन मेंढे आपल्याच बांधीत मांडीपर्यंत रुतला आणि त्याला बाहेर काढायला सहा माणसं लागली. तसं पाहिलं तर चिखलात पाय रुतणं ही काही नवलाची गोष्ट नाही. धानाच्या मुलखात जन्मलेला माणूस चालायला शिकतो तोच चिखलात. पण गोवर्धन बांधावरून घसरला, खाली बसला, आणि मग त्याला उठताच येईना. एका बाजूनं ओढावं तर दुसरा पाय आत जाई. रोवणी करणाऱ्या बाया हातातली रोपं टाकून धावल्या. आधी घाबरल्या, मग एकीला हसू फुटलं, आणि मग ते सगळ्या बांधीत पसरलं. गोवर्धनही हसला. बांधावर येऊन बसला तेव्हा मात्र त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि बऱ्याच वेळपर्यंत धाप ओसरेना.

गोवर्धन तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको धुरपता आठ दिवसांच्या तापात गेली. एकुलती एक लेक रुख्मा वडशाला दिलेली. घरात तो एकटा. पण जेवणाची आबाळ झाली असं कोणी म्हणू शकत नव्हतं, कारण मधल्या भिंतीपलीकडे त्याचा धाकटा भाऊ सुखराम राहत होता, आणि सुखरामची बायको शकुंतलाबाई दोन्ही वेळा ताट पाठवायची. पाठवायची म्हणजे काय, भिंतीवर ठेवायची. "भाऊजी, ताट ठेवलं वो!" एवढी हाक यायची. गोवर्धन उठून ताट घ्यायचा, ओसरीवर बसून जेवायचा, ताट घासून पुन्हा भिंतीवर ठेवायचा.

ताटात भाताचा ढीग असे, त्यावर वरण, वरणावर तेल. शकुंतलाबाईचा हात सढळ होता. दिराला कमी पडलं असं गावात कोणी म्हणू नये ही तिची काळजी. गोवर्धन सगळं खाऊन टाकी. भूक असायची म्हणून नव्हे. जेवण संपलं की दिवस संपे, आणि त्यानंतर अंधार पडेपर्यंत करण्यासारखं काहीच उरत नसे. म्हणून तो हळूहळू जेवत बसे, आणि हळूहळू जेवणारा माणूस जास्त जेवतो. तीन वर्षांत सदरे शिवण उसवून फाटले. शेत त्यानं सुखरामकडे ठोक्यानं कसायला देऊन टाकलं. बांधावरून फिरायला जायचा तो फक्त आपण अजून शेतकरी आहोत हे स्वतःला पटवायला.

चिखलातल्या त्या प्रसंगानंतर तो सौंदड स्टेशनला गेला आणि अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसून गोंदियाच्या डॉक्टरकडे पोचला.

डॉक्टर दुलीचंद बाजारातल्या एका माडीवर बसत. त्यांनी छातीला नळी लावली, पाय दाबून पाहिले, आणि विचारलं, "वजन कितना है?"

"मले काय मालूम, साहेब."

डॉक्टरांकडे माणसं तोलायचा काटा नव्हता. त्यांनी चिठ्ठी लिहून त्याला स्टेशनच्या पार्सल हापिसात धाडलं. तिथला भैयाजी नावाचा बाबू भला माणूस होता. त्यानं माशांच्या दोन टोपल्या काट्यावरून उतरवल्या आणि गोवर्धनला वर उभं केलं. बाजूला विड्यांच्या पानांचे गठ्ठे, आंब्याच्या लोणच्याचे डबे, कुणाची तरी शिवणयंत्राची पेटी. गोवर्धन खाली मान घालून उभा राहिला. भैयाजीनं वजनं सरकवली आणि मोठ्यानं वाचलं, "दो मन, तेईस सेर!" रांगेतली माणसं वळून पाहू लागली.

डॉक्टरांनी आकडा कागदावर लिहिला. "दिल पर बोझ है, पटेल. दो मन पर आना पड़ेगा. चावल एक मुट्ठी. तेल-घी, गुड़, आलू बंद. भाजी खाओ, पतली दाल खाओ. अंडा, मुर्गी चलेगी, मगर तली हुई नहीं. और पैदल चलो."

"पण कोंबडी शिजवणार कोण, साहेब? घरी बाईमाणूस नाही."

डॉक्टरांनी कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली. या प्रश्नावर त्यांच्याकडे औषध नव्हतं.

त्या पिढीच्या माणसाला, कुणब्याच्या घरातल्या कर्त्या पुरुषाला, चूल पेटवता येत नाही यात लाज नव्हती. येत असती तर लाज होती. आणि शकुंतलाबाईला सांगून पथ्याचं करून घ्यावं, तर त्या रात्रीच त्याचा निकाल लागला. गोवर्धन भिंतीपाशी उभा राहून म्हणाला, "बाई, उद्यापासून मले भात मूठभरच देत जा. वरून तेल नोको."

पलीकडे पळी भांड्यावर आपटली. मग शकुंतलाबाई म्हणाली, "काऊन? माह्या हातचं गोड लागून नाही राहिलं का?"

"तसं नाही वो. डाक्टर म्हणते."

"डाक्टर म्हणते! लोक म्हणतील, दिराले उपाशी मारून राहिली."

दुसऱ्या दिवशी ताटात मूठभरच भात आला, तेलाचा थेंब नाही, आणि हाकही आली नाही. नुसतं ताट भिंतीवर ठेवल्याचा आवाज. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी गोवर्धननं सांगितलं की संध्याकाळचं ताट नकोच, मी माझं पाहून घेईन.

आणि त्यानं पाहिलं ते बकारामचं दुकान.

गोंदियाच्या स्टेशनाबाहेर, टांगे उभे राहत त्याच्या मागे, टिनाच्या छपराखाली बकाराम बसायचा. साठीला आलेला, काटकुळा, डोक्यावर पांढरी टोपी. उमेदीची सगळी वर्षं तो स्टेशनावर गोऱ्या साहेबांच्या खाणावळीत खानसामा होता. सत्तेचाळीस साली साहेब लोक गेले, खाणावळीत पुरी-भाजी सुरू झाली, आणि बकारामचं काम सुटलं. त्याला पुरी लाटता येत नव्हती. त्याला कोंबडी भाजता येत होती. त्यानं विटांची भट्टी रचली, अख्ख्या कोंबड्या सळईत ओवून निखाऱ्यावर फिरवायला लागला आणि फळीवर खडूनं लिहून घेतलं: भुनी मुर्गी, तैयार. मोठ्या गाडीचे प्रवासी उतरत, पळसाच्या पानात बांधलेली कोंबडी घेत आणि पळत.

गोवर्धननं विचार केला. तळलेली नाही. भाजलेली आहे. तयार आहे. घरी कुणाला काही सांगावं लागत नाही. आणखी काय पाहिजे?

पहिल्या दिवशी ती त्यानं घरी न्यायची ठरवली होती, पण छोट्या गाडीत त्या वासानं राहवेना. सौंदडला उतरल्यावर फलाटाच्या टोकाला चिंचेखाली तो बसला आणि पान सोडलं. कातडी सोनेरी, कुरकुरीत. आत मांस इतकं मऊ की हाडापासून आपोआप सुटे. त्यानं सगळी कोंबडी खाल्ली. गाडी पुढे निघून गेली होती, सिग्नलवाला दिवे लावायला गेला होता, फलाटावर कोणी नव्हतं. हाडांचा ढीग पानावर पडला होता आणि गोवर्धनच्या मनात आलं, कोंबडी आपण आजवर कधी एकट्यानं खाल्ली नाही. घरात कोंबडी कापली की चार माणसं असायचीच. पाहुणा आला म्हणून कापायची, सण म्हणून कापायची. आज कोण आलं होतं?

तरी मंगळवार आणि शनिवार हा नेम पडला. सकाळच्या गाडीनं जायचं, बाजारात उगाच फिरायचं, दुपारी बकारामकडून कोंबडी घ्यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. अर्धी रात्री, अर्धी शिंक्यात ठेवून दुसऱ्या दिवशी. गावात बभ्रा झाला की गोवर्धनला बाजाराचा नाद लागला. भात त्यानं खरंच सोडला होता. सकाळी चार घास, बस. दोन महिने त्यानं जिभेवर गूळ ठेवला नाही.

आश्विनात तो पुन्हा भैयाजीच्या काट्यावर चढला.

"दो मन, चौबीस सेर," भैयाजी म्हणाला, आणि या वेळी त्यानं आवाज लहान ठेवला.

डॉक्टर दुलीचंद संतापले. "क्या खाते हो?"

"काहीच नाही, साहेब! भात सोडला, गूळ सोडला. फक्त कोंबडी. ते बी भाजलेली." पुरावा म्हणून त्यानं पिशवीतलं पुडकं टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते उचललं. पानावर गुंडाळलेला कागद खिडकीकडे धरला. कागद आरपार दिसत होता, तेल पिऊन काचेसारखा झाला होता.

"भुनी हुई है, ठीक. मगर ऊपर क्या लगाता है, कभी पूछा?"

पुढच्या मंगळवारी गोवर्धन गाडीतून उतरला तो थेट भट्टीवर गेला. बकाराम तयारीला बसला होता. समोर सोललेल्या कोंबड्या, बाजूला डालड्याचा पिवळा डबा. बकाराम दोन बोटं डालड्यात बुडवी आणि कातडीखाली, छातीवर, मांडीत आत आत सारी. मग पोटात चरबीत भिजवलेला पाव ठासून भरी. वरून पुन्हा एक हात.

"तू मले फसवलं," गोवर्धन म्हणाला.

बकारामनं वर पाहिलं. "कायले?"

"मी पथ्य करून राहिलो. तू डालडा चारून राहिला मले, दोन महिने!"

"तुमी कवा इचारलं?" बकाराम शांतपणे म्हणाला. "दोन महिने येऊन राहिले. 'दे' म्हणता, घेता, जाता. एक शब्द नाही बोलले. मले काय मालूम तुमी पथ्यवाले? मले वाटलं कोणी शौकीन मालगुजार आहे."

गोवर्धनच्या तोंडून एकदम हसू निघालं. मालगुजार! कोणाच्या तरी डोळ्यांना आपण गावाचे जमीनदार दिसलो, हे त्याला लाजवणारं होतं आणि थोडं सुखावणारंही. तो बाजूच्या खोक्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं: चिखल, बाया, काटा, भिंतीवरचं ताट. धुरपताचंही सांगितलं. बकाराम ऐकत होता आणि सळई फिरवत होता.

"साहेब लोक सुकी कोंबडी खात नव्हते, म्हणून हे असं शिकलो," शेवटी तो म्हणाला. "पण एक मडमबाई होती. जाडी. तिच्यासाठी वेगळी करत होतो. कातडी काढून, मीठ, हळद, लसूण, लिंबू. पोटात काही नाही, वरून काही नाही. करून देतो तुमाले. पण चव नाही आली तर मले नोको म्हणू."

चव आली नाही. छातीचं मांस तर दातात सुतासारखं अडकलं. पण बकाराम पथ्याच्या बाबतीत डॉक्टरपेक्षा कडक निघाला. अख्खी कोंबडी तो देईना. "अर्धी. अर्ध्यात माणसाचं पोट भरते. बाकीचं भाजीनं भरा." मग तो स्वतःसाठी शिजवलेली अंबाडी नाही तर दोडका पुढे ठेवी. तुमची अर्धी उरली ती मी खातो म्हणे, आणि दुसऱ्या खोक्यावर बसून खाई. मंगळवारी आणि शनिवारी, दुपारची मोठी गाडी निघून गेल्यावर, टांग्यांच्या मागे हे दोघं समोरासमोर बसून जेवत. फार बोलणं नसे. एक म्हणे लसूण जास्त झाला, दुसरा म्हणे झाला. पण गोवर्धनला घरची चार ताटं एकत्र केली तरी मिळालं नसतं असं काहीतरी त्या अर्ध्या सुक्या कोंबडीत मिळत होतं. त्यानंतर संध्याकाळी घरी काही खायची त्याला आठवण होत नसे.

कार्तिकात धानाची कापणी लागली. स्टेशनवरून आणणाऱ्या सुखरामच्या गाडीचे बैल मोकळे नव्हते, म्हणून सौंदडहून मोहटोल्यापर्यंतचे दोन कोस गोवर्धनला पायी यावं लागलं. पहिल्या दिवशी तो सात वेळा बसला. पौषात तीन वेळा बसे. फाल्गुनात मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा न बसता घरी पोचू लागला. भैयाजीचा आकडा दर महिन्याला दोन-तीन शेरांनी उतरत होता.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रुख्मा आली. आईच्या नावानं पान वाढायचं होतं. बैलगाडीतून उतरली, ओसरीवर उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं, आणि तिच्या हातातली पेटी खाली पडली.

"बाबा! काय झालं तुमाले? काकी जेवाले देत नाही का?"

"अवो, मी पथ्यावर आहो. चांगलं आहे ते."

रुख्माचा विश्वास बसेना. ती त्याच्या गालाला, मनगटाला हात लावून पाहत राहिली आणि रडत राहिली. भिंतीपलीकडे शकुंतलाबाईनं ते ऐकलं आणि दोन दिवस तोंड दाखवलं नाही.

अखाजीच्या दुसऱ्या दिवशी रुख्मानं कोंबडी कापवली आणि आईच्या हातची असायची तशी रस्साभाजी केली. गोवर्धननं नाही म्हटलं नाही. एक दिवसानं काय होते. तिनं वाढलं. दोन्ही तंगड्या, काळीज, सगळं त्याच्या ताटात. आपल्या ताटात मान आणि पाठीची हाडं घेऊन ती चुलीकडे वळली.

"इकडं बस," गोवर्धन म्हणाला. "आन हे काय घेतलं? मान कायले?"

"आपल्या घरी असंच तर आहे. माय बी मानच घे."

"तिले आवडे."

रुख्मा बापाकडे पाहत राहिली. "तुमी इचारलं होतं?"

गोवर्धनचा हात ताटात थांबला. अठ्ठावीस वर्षं धुरपता त्याच्या समोर बसून वारा घालायची, गावच्या गोष्टी सांगायची, वाढायची. तो हात धुऊन उठला की ती आत जायची. त्यानं आठवून पाहिलं. धुरपताला जेवताना त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

"मंग तिले काय आवडे?" त्यानं विचारलं.

"मले बी नाही मालूम, बाबा," रुख्मा म्हणाली. "कोणालेच नाही मालूम."

त्यानं एक तंगडी उचलून लेकीच्या ताटात ठेवली. ती नको नको म्हणाली, मग खाल्ली. तो पाहत राहिला.

जाताना रुख्मानं हट्ट धरला की वडशाला चला, तिथं माणसात राहाल. जावई चांगला होता, घर मोठं होतं. गोवर्धन म्हणाला, पाहू, पावसाळा होऊ दे. सौंदडच्या फलाटावर तिला गाडीत बसवून तो परत पायी आला. नाही म्हणायचं कारण त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. तिथे त्याला ताट भिंतीवरून नाही, समोर वाढून मिळालं असतं हे खरं. पण धुरपताला ओळखणारं हे एकच घर होतं, आणि आत्ता कुठे तो तिच्याविषयी विचार करायला लागला होता.

त्या शनिवारी गोंदियाला गेला तेव्हा त्याला हे सगळं बकारामला सांगायचं होतं.

छप्पर नव्हतं. भट्टीच्या विटा एका बाजूला रचलेल्या होत्या आणि टांगेवाल्याचा घोडा त्या जागी उभा होता. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, "वो तो गया. बिलासपुर की तरफ कोई भानजा है, आके ले गया. बुखार था चार दिन से."

"काही बोलला का माह्यासाठी?"

पानवाल्यानं आठवून पाहिलं. "नहीं तो."

गोवर्धन थोडा वेळ तिथंच उभा राहिला. सात महिने आपण त्याच्यासमोर बसून जेवलो. आपलं सगळं त्याला सांगितलं. त्याचं गाव कोणतं, बायको होती की नव्हती, हे एकदाही विचारलं नाही. बिलासपूर केवढं मोठं असेल आणि तिथे कोणत्या नावानं शोधायचं, हेही माहीत नव्हतं. बकाराम, एवढंच.

संध्याकाळच्या गाडीनं तो रिकाम्या पिशवीनं परतला. दुसऱ्या दिवशी त्यानं घरातली चूल पेटवली. धूर एवढा झाला की शकुंतलाबाई भिंतीपाशी आली.

"कोण आहे वो घरात? रुख्मा परत आली का?"

"मीच आहो."

"काय करून राहिले?"

"दोडका."

तशी ती कधी नव्हे ते फाटकानं फिरून आत आली. पदर नाकाला लावून तिनं लाकडं मागे ओढली, फुंकर घातली आणि म्हणाली, "मीठ टाकलं का? आधी पाणी सुटू द्या, भाऊजी." भाजी होईपर्यंत ती उंबऱ्यावर बसून राहिली. गोवर्धननं तिला घासभर घ्या म्हटलं. दिरासमोर कशी घेणार, ती उठून गेली. पण त्यानंतर ताट ठेवताना पुन्हा हाक यायला लागली.

जेठ संपत आला तेव्हा भैयाजीनं त्याला काट्यावर चढवलं, वजन सरकवलं आणि दोन्ही हात वर केले. "पूरे दो मन! न कम, न ज्यादा!" डॉक्टर दुलीचंदांनी छातीला नळी लावून मान हलवली, म्हणाले बहुत अच्छा, आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

गोवर्धन खाली बाजारात आला. एवढी मोठी गोष्ट झाली होती आणि ती सांगायला गोंदियात एकही माणूस नव्हता. टांग्यांच्या मागे त्यानं पाहिलं नाही.

छोट्या गाडीत समोर एक ढिवरीण बसली होती, सुक्या मासोळ्यांची टोपली पायाशी घेऊन. हिरडामाळी गेलं, गोंगली गेलं, आणि सौंदड जवळ यायला लागलं तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "माहं वजन तेवीस शेर उतरलं."

बाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओळख ना पाळख, काय बोलावं तिला सुचलं नसावं. मग ती म्हणाली, "लय बिमार होते का, बापा?"

"होतो थोडा."

"घरी कोणी आहे का कराले?"

"नाही. मीच करतो."

"बरं झालं, हात चालते तुमचे," ती म्हणाली, आणि टोपली जरा बाजूला सरकवून त्याला पाय पसरायला जागा करून दिली.